फरशी कापण्याआधी दगड ओळखा

बारामती किंवा इंदापूर तालुक्यातल्या जुन्या घराचे जोते बघा, ते काळ्या पाषाणाचे असते. विहिरीचे बांधकाम, देवळाच्या भिंती, जाते, पाटा-वरवंटा, उखळ हे सारे त्याच दगडातले. पण उंबरा ओलांडून आत गेले की पायाखाली येते ती शहाबादी फरशी, आणि ती इथली नसते. अडीचशे-तीनशे किलोमीटरवरून, कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातून ती आलेली असते.

दारातच टणक दगड मुबलक असताना फरशी परमुलखातून का आणावी लागली? या प्रश्नाचे उत्तर ज्याला कळले त्याला फरशी कशी कापायची हेही निम्मे कळले. दगड कसा फुटतो, कशाने झिजतो आणि कापताना हवेत काय उडवतो, हे त्याच्या जन्मावरून ठरते. घर बांधणारी माणसे फरशीचा रंग आणि दर यांवर महिनाभर विचार करतात. कापाकापीचा विचार मात्र मिस्त्रीवर सोडून देतात. फरशीचे तुकडे वाया जातात, कडा उडतात, सांधे वाकडे येतात आणि कापणाऱ्याच्या छातीत धूळ साठत राहते, ते इथेच.

एका नदीचे दोन दगड

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीवर लाव्हाचे थरावर थर पसरले. तो लाव्हा थंड झाल्यावर जो खडक बनला तो बेसाल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण. पुणे जिल्हा सगळा त्याच्यावर बसलेला आहे. शेतातली काळी माती, रस्त्यावरची खडी, पायात भरायचा मुरूम ही त्याचीच निरनिराळी रूपे. लाव्हा थंड होताना खनिजांचे बारीक स्फटिक एकमेकांत घट्ट गुंतत गेले, म्हणून हा दगड टणक तर आहेच, शिवाय चिवटही आहे. पण त्याला सपाट, समांतर असे पापुद्रे नाहीत. सुतकीचा घाव बसला की तो आपल्याला हवा तिथे फुटेल याची खात्री नसते. वडार आणि पाथरवट कारागिरांनी पिढ्यानपिढ्या छिन्नीने त्याचे चौकोनी चिरे घडवले, मूर्ती घडवल्या, गुळगुळीत झालेल्या जात्यांना टाकी लावून दिली. दीड इंच जाडीची दोन फुटी लादी मात्र छिन्नीने काढून देणे या दगडाच्या स्वभावात नाही.

त्याचा टिकाऊपणा पाहायचा असेल तर इंदापूर तालुक्यात पळसदेवला जावे. भीमेवरचे उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि जुने पळसदेव गाव पाण्याखाली गेले. गावातले पळसनाथाचे प्राचीन मंदिरही बुडाले. उन्हाळ्यात धरणाची पातळी फार खाली गेली की ते उघडे पडते आणि लोक बघायला गर्दी करतात. इतकी वर्षे पाण्यात राहूनही त्या दगडी भिंती उभ्या आहेत. बारामती तालुक्यात मोरगावचे मयूरेश्वराचे मंदिरही असेच काळ्या दगडातले. या दोन तालुक्यांना मजबूत दगडाची वाण कधीच नव्हती. वाण होती ती सपाट निघणाऱ्या दगडाची.

तो दगड भीमेच्याच खोऱ्यात, पण बऱ्याच खालच्या अंगाला आहे. इंदापूर तालुक्याच्या कडेने वाहणारी भीमा नीरा नरसिंहपूरला नीरेला पोटात घेते, सोलापूर जिल्हा ओलांडते आणि कर्नाटकात शिरते. कलबुर्गीच्या पुढे लाव्हाचे थर पातळ होत संपतात आणि त्यांच्याखाली दडलेला कितीतरी जुना खडक वर येतो. हा चुनखडक. पृथ्वीवर लाव्हाचा तो पूर येण्याच्या फार पूर्वी, ५० कोटी वर्षांहून अधिक काळापूर्वी, उथळ समुद्राच्या तळाशी चुन्याचा गाळ थर-थर साचत गेला आणि त्याचा दगड झाला. भूगर्भशास्त्रज्ञ या खडकांच्या गटाला भीमेचेच नाव देतात. वहीच्या पानांसारखे एकावर एक बसलेले हे थर छिन्नी आणि पहार लावून सुटे करता येतात. खाणीतून निघतानाच त्याची फरशी झालेली असते. माणसाने फक्त चार कडा सरळ करायच्या.

हा दगड इकडे येण्याची वाट रेल्वेने करून दिली. मुंबईहून दौंड, भिगवण, कुर्डुवाडी, सोलापूर करत जाणारा लोहमार्ग १८७१ मध्ये रायचूरला मद्रासकडून आलेल्या मार्गाला जुळला. शहाबाद आणि वाडी ही स्थानके याच मार्गावर आहेत. भिगवण तर इंदापूर तालुक्यातच आहे, आणि दौंडहून बारामतीला फाटा गेलेला आहे. जड दगड लांबवर नेणे रेल्वेमुळे परवडू लागले, आणि शेणाने सारवलेल्या जमिनींच्या जागी शहाबादी फरशी येऊ लागली. गोठ्यात, अंगणात, पडवीत, मोरीत, देवळाच्या आवारात ती आजही हमखास दिसते.

बाजारातले इतर दगडही याच रीतीने ओळखता येतात. राजस्थानातल्या कोटा-रामगंजमंडीकडचा हिरवट-निळसर कोटा, आंध्रातला काळा कडप्पा, तेलंगणातला पिवळा आणि निळा तांदूर हे सगळे शहाबादीचेच भाऊबंद, म्हणजे चुनखडक. संगमरवर हा जमिनीच्या पोटात उष्णतेने आणि दाबाने रूप पालटलेला चुनखडक. ग्रॅनाइट मात्र वेगळ्या कुळातला. जमिनीखाली खोलवर शिलारस सावकाश थंड होऊन तो बनला आणि त्यात गारेचे, म्हणजे क्वार्ट्झचे प्रमाण भरपूर असते.

नखभर परीक्षा

दुकानात दगडाला काहीही नाव दिलेले असो, दोन साध्या परीक्षांनी त्याचे कूळ समजते. फ्रीडरिश मोस या जर्मन खनिजतज्ज्ञाने १८१२ मध्ये खनिजांच्या कठीणपणाची १ ते १० अशी उतरंड लावली. शंखजिरे तळाला, हिरा माथ्यावर. चुनखडकातले मुख्य खनिज कॅल्साइट या उतरंडीत ३ वर आहे, चाकूचे पोलाद साडेपाचच्या आसपास, बेसाल्ट आणि ग्रॅनाइटमधले फेल्डस्पार ६ वर आणि क्वार्ट्झ ७ वर. म्हणून फरशीच्या मागच्या बाजूला चाकूच्या टोकाने ओरखडा काढून बघावा. शहाबादी, कोटा, कडप्पा, संगमरवर यांवर ओरखडा उठतो. बेसाल्ट आणि ग्रॅनाइट या दगडांना काही होत नाही; उलट पोलादच झिजून त्याची करडी रेघ उमटते.

दुसरी परीक्षा लिंबाची. ओरखड्यातून निघालेल्या भुकटीवर लिंबाचा रस पिळावा. चुनखडक असेल तर बारीक बुडबुडे येतात. आम्ल आणि चुना यांची क्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर पडतो. ग्रॅनाइटच्या भुकटीवर असे काही होत नाही.

ही परीक्षा वापराच्या दृष्टीनेही मोलाची आहे. कडप्प्याच्या ओट्यावर लिंबू, चिंच, ताक सांडून राहिले की पांढुरका डाग पडतो, तो याच कारणाने. तो डाग वरून बसलेला नसतो, दगडच तेवढा खाल्ला गेलेला असतो, म्हणून घासून जात नाही. आणि फरशी बसवून झाल्यावर सिमेंटचे शिंतोडे काढण्यासाठी ॲसिड ओतण्याची जी सवय अनेक ठिकाणी आहे, ती शहाबादी आणि कोट्याच्या मुळावर येते. नव्या फरशीचा पृष्ठभाग त्या एका धुण्यात खरबरीत आणि निस्तेज होतो. सिमेंट ओले असतानाच, त्याच दिवशी, ओल्या पोत्याने पुसून काढणे हा त्यावरचा सोपा उपाय आहे.

पाते कापत नाही, झिजवते

दगड कापणारे ब्लेड हातात घेऊन बघितले तर त्याला करवतीसारखे दात नसतात. लाकडाचे तंतू दात तोडू शकतात. दगडात तोडायला तंतू नसतात. दगड फक्त झिजवता येतो आणि तोही त्याच्याहून कठीण कणांनीच. हे माणसाला फार पूर्वी कळले होते. बिनदाती लोखंडी पाते पुढे-मागे ओढायचे आणि त्याच्याखाली वाळू व पाणी घालत राहायचे, ही संगमरवर कापण्याची जुनी रीत. पाते कापते असे दिसते, पण खरे काम वाळू करते, हे रोमन लेखक प्लिनीने पहिल्या शतकातच नोंदवून ठेवले आहे.

आज वाळूची जागा हिऱ्याने घेतली आहे. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत कृत्रिम हिरे बनवण्यात यश आले आणि पुढे औद्योगिक हिऱ्याचे कण स्वस्त झाले. म्हणून तालुक्याच्या हार्डवेअरच्या दुकानातही हिऱ्याचे ब्लेड मिळते. ब्लेडच्या कडेला धातूच्या भुकटीत हिऱ्याचे बारीक कण घट्ट बसवलेले असतात. फिरताना हे कण दगडाला खरवडतात. खरवडता खरवडता ते बोथट होतात आणि गळून पडतात. तोवर भोवतीचा धातूही झिजलेला असतो आणि आतले नवे, धारदार कण उघडे पडतात. ब्लेड झिजते म्हणूनच ते चालते.

यातून निघणारा एक नियम प्रथमदर्शनी उलटा वाटतो: कठीण दगडाला मऊ धातूतले ब्लेड लागते आणि मऊ दगडाला कठीण धातूतले. ग्रॅनाइटवर हिऱ्याचे कण लवकर बोथट होतात, तेव्हा त्यांना धरून ठेवणारा धातू लवकर झिजला तरच नवे कण वर येतील. धातू कठीण असेल तर बोथट कण जागचे हलत नाहीत, ब्लेड दगडावर नुसते घसरते, तापते, दगड करपल्यासारखा दिसतो आणि कापणारा जोर वाढवत राहतो. अशा वेळी जोराचा काही उपयोग नाही. कच्च्या विटेत किंवा खरबरीत सिमेंट ब्लॉकमध्ये त्याच ब्लेडने चार-पाच काप घेतले की बोथट थर झिजतो आणि ब्लेड पुन्हा चालू लागते. वेष्टनावर ब्लेड ग्रॅनाइटसाठी आहे की मार्बलसाठी, हे लिहिलेले असते. शहाबादी, कोटा, कडप्पा यांना मार्बलचे चालते. बेसाल्टच्या पायऱ्या बसवायच्या असतील तर ग्रॅनाइटच्या दर्जाचे घ्यावे.

कडेचा प्रकारही बघावा. खाचा असलेले ब्लेड भराभर कापते, पण कड ओबडधोबड सोडते. अंगणातल्या जाड शहाबादीला ते पुरते. अखंड कडेचे ब्लेड सावकाश कापते आणि कड नितळ ठेवते; दिवाणखान्यातल्या पॉलिश केलेल्या कोट्याला आणि संगमरवराला तेच हवे. ब्लेडवर छापलेला कमाल फेऱ्यांचा आकडा मशीनच्या फेऱ्यांपेक्षा जास्त असला पाहिजे. ११० मिलिमीटरचे ब्लेड मिनिटाला १२,००० फेऱ्यांनी फिरते तेव्हा त्याची कड सेकंदाला सुमारे ६९ मीटर, म्हणजे ताशी जवळजवळ २५० किलोमीटर वेगाने धावत असते. तिचा तुकडा उडाला तर मध्ये फक्त मशीनचे लोखंडी आवरण असते. काप नीट दिसावा म्हणून ते आवरण काढून टाकण्याची पद्धत कामांवर सर्रास दिसते. ती बंद झालीच पाहिजे.

आधी जमीन, मग मांडणी

बारामती-इंदापूरकडच्या घरांना एक खास अडचण आहे, ती काळ्या मातीची. ही माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आक्रसते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला आणि या पट्ट्यात ऊस आला. बागायतीच्या कडेला बांधलेल्या घरांखालची माती तर वर्षातून अनेकदा ओली-कोरडी होते. अशा मातीवर थेट भराव टाकून बसवलेली फरशी कितीही सफाईने कापलेली असली तरी वर-खाली होते आणि सांध्यावर फुटते. काळी माती उपसून काढणे, त्या जागी मुरूम थराथराने पाणी मारून धुमसणे, त्यावर दगडाचे सोलिंग आणि काँक्रीट घालणे, हे फरशीच्या आधीचे काम आहे आणि ते टाळून चालत नाही.

जमीन पक्की झाली की खोलीचा काटकोन तपासावा. जुन्या भिंती क्वचितच काटकोनात असतात. कोपऱ्यातून एका भिंतीवर ३ फुटांची आणि दुसऱ्या भिंतीवर ४ फुटांची खूण करावी. त्या दोन खुणांमधले अंतर बरोबर ५ फूट भरले तर कोपरा काटकोनात आहे. मोठ्या खोलीत ६, ८ आणि १० फूट घेतले तर चूक अधिक स्पष्ट दिसते. गुण्या लहान असतो, त्यात सूतभर फरक लपून राहतो. भिंत वाकडी असेल तर फरशीची ओळ भिंतीला समांतर न धरता दोरीला धरावी आणि भिंतीचा वाकडेपणा कडेच्या कापलेल्या तुकड्यांत सामावून घ्यावा.

त्यानंतर माल न घालता फरशा नुसत्या मांडून बघाव्यात. या कोरड्या मांडणीत दोन ओळी तरी लावाव्यात, एक लांबीची आणि एक रुंदीची. कडेला चार बोटांची चिरी उरत असेल तर सारी ओळ अर्ध्या फरशीने सरकवावी, म्हणजे दोन्ही कडांना रुंद तुकडे येतात. बारीक चिरी कापताना तुटते आणि बसवल्यावर उखडते. दारातून आत येताना जी ओळ सगळ्यात आधी दिसते ती अखंड फरशांची ठेवावी आणि कापलेले तुकडे पलंगाखाली, कपाटामागे जातील असे पाहावे.

नैसर्गिक दगडात रंग आणि जाडी सारखी मिळत नाही. म्हणून दोन-तीन थप्प्यांतून फरशा मिसळून मांडाव्यात, नाहीतर अर्धी खोली निळसर आणि अर्धी करडी दिसते. जाड-पातळ फरशा वेगळ्या काढाव्यात. पातळ, तडा गेलेल्या, कडा उडालेल्या फरशा कापायच्या तुकड्यांसाठी बाजूला ठेवाव्यात. सरळ मांडणीला मोजमापापेक्षा सुमारे १० टक्के आणि तिरक्या मांडणीला सुमारे १५ टक्के माल जास्त आणावा. पुढे तीच खाण, तोच थर पुन्हा मिळेलच असे नाही. मोरी आणि न्हाणीघरात फुटामागे एक सूत उतार धरावा आणि कापाची मापे तो उतार धरल्यावरच घ्यावीत.

प्रत्यक्ष काप

मापाची खूण टोकदार पेन्सिलीने करावी. ब्लेडची स्वतःची जाडी साधारण दोन मिलिमीटर असते आणि तेवढा दगड भुकटी होऊन जातो, म्हणून ब्लेड नेहमी रेषेच्या टाकाऊ बाजूने चालवावे. पॉलिश केलेल्या दगडावर रेषेवर कागदी चिकटपट्टी लावली तर कडेचे कपचे कमी उडतात.

फरशीला खालून सगळीकडे सारखा आधार हवा. शहाबादीची मागची बाजू उंचसखल असते, त्यामुळे ती दोन पट्ट्यांवर ठेवली तर डुलते. ओल्या वाळूचा सपाट थर हा तिच्यासाठी उत्तम आधार. कापून सुटणाऱ्या तुकड्यालाही आधार पाहिजे. तो लोंबकळत राहिला तर शेवटचा इंच-दीड इंच कापण्याआधीच स्वतःच्या वजनाने मोडतो आणि कोपरा घेऊन जातो. यासाठी शेवटचे दोन इंच उरले की थांबावे, पलीकडच्या टोकाने काप सुरू करावा आणि दोन्ही काप मध्ये मिळवावेत.

एका दमात आरपार कापायचे नाही. ॲल्युमिनियमची पट्टी रेषेला लावून पक्की धरावी आणि पहिला काप फक्त दोन-तीन मिलिमीटर खोल घ्यावा. ही खाच पुढच्या सगळ्या कापांची वाट ठरवते. मग दर वेळी पाच-सहा मिलिमीटर खोल जावे. २५ मिलिमीटर जाडीची फरशी या खाचेनंतर चार-पाच फेऱ्यांत सुटते. मशीन पुढे ढकलायचे नाही. ते आपल्या चालीने जाऊ द्यायचे आणि आपण फक्त दिशा सांभाळायची. खाचेत ब्लेड तिरके झाले की अडकते आणि मशीन झटक्याने मागे उसळते. हात कापले जाण्याचे अपघात बहुधा अशाच क्षणी होतात. म्हणून मशीन दोन्ही हातांनी धरावे, त्याच्या रेषेत शरीर ठेवू नये आणि ब्लेड खाचेत अडकले तर आधी मशीन बंद करून मगच ते बाहेर काढावे.

चौकटीभोवती किंवा खांबाजवळ फरशीला आतला कोपरा कापावा लागतो. तिथे दोन काप जसेच्या तसे मिळवले तर त्या टोकावर सगळा ताण एकवटतो आणि काही दिवसांनी तिरकी भेग जाते. आधी त्या कोपऱ्यात सहा मिलिमीटरचे गोल भोक पाडावे आणि दोन्ही काप त्या भोकात आणून सोडावेत. गोल कडेवर ताण विभागला जातो. नळासाठी किंवा जाळीसाठी गोल छिद्र हवे असेल तर हिऱ्याच्या कणांचे नळीसारखे बिट वापरावे. ड्रिलचा हातोडी-ठोका बंद असावा, बिट आधी तिरपे धरून खाच पाडावी, मग सरळ करावे आणि पाणी सोडत राहावे. गोलाई मोठी असेल तर रेषेपर्यंत जवळजवळ अनेक उभे काप घ्यावेत, मधल्या पट्ट्या हलक्या हाताने मोडाव्यात आणि उरलेली कड घासून गोल करावी.

कापलेली कड सुरीसारखी धारदार असते. कार्बोरंडमच्या घासदगडाने, आधी खरबरीत आणि मग बारीक, तिची धार मोडावी. पायरीच्या आणि ओट्याच्या दिसत्या कडांना हे काम मन लावून करावे. गोठ्यातल्या शहाबादीला मात्र पॉलिश नको; तिचा खरबरीतपणाच जनावराचा पाय धरून ठेवतो.

साध्या शहाबादीला यंत्राशिवायही कापता येते. दोन्ही बाजूंनी रेषेवर छिन्नीने हलके घाव घालत खाच पाडायची आणि मग एका बाजूला आधार देऊन ठोका द्यायचा. जुने गवंडी असेच करत. कड थोडी दातेरी येते, पण अंगणाला आणि गोठ्याला ती शोभते. सिरॅमिक टाइल ओरखडा काढून मोडण्याचे जे हातयंत्र मिळते, ते मात्र नैसर्गिक दगडाला लावू नये; दगडातल्या शिरा आणि जाडीतला फरक यांमुळे तुकडा भलतीकडेच मोडतो.

पाणी, वीज आणि श्वास

पाणी ब्लेड थंड ठेवते, भुकटी खाचेतून वाहून नेते आणि धूळ जागच्या जागी दाबते. यातले तिसरे काम सगळ्यात मोठे आहे. दगडाच्या धुळीतले १० मायक्रॉनहून बारीक कण डोळ्यांना दिसत नाहीत. नाकातले केस आणि घशातला ओलावा त्यांना अडवू शकत नाही आणि ते थेट फुप्फुसात जातात. त्यात क्वार्ट्झ, म्हणजे सिलिका असेल तर फुप्फुसात चट्टे पडत जातात. हा सिलिकोसिस. तो बरा होत नाही, आणि दगडाचे काम सोडल्यावरही वाढत राहू शकतो. १९४८ च्या कारखाने कायद्यात तो नोंद करण्याजोग्या व्यावसायिक आजारांच्या यादीत होता. दगडखाणींचे राज्य असलेल्या राजस्थानने २०१९ मध्ये त्यासाठी वेगळे धोरण आणले.

शुद्ध चुनखडकात आणि संगमरवरात सिलिका कमी असते, पण शहाबादी आणि कोट्यात तिचा काही अंश असतोच. ग्रॅनाइटमध्ये ती पाव ते तिसरा हिस्सा असते, वालुकाश्मात बहुतांश तीच असते. सध्या स्वयंपाकघराच्या ओट्यांसाठी लोकप्रिय होत असलेल्या कृत्रिम क्वार्ट्झच्या लाद्यांत तर ती ९० टक्क्यांहून अधिक असू शकते. अशा लाद्या कापणारे तरुण कामगार थोड्याच वर्षांत आजारी पडू लागले, म्हणून ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्यांचे उत्पादन, पुरवठा आणि वापर यांवर बंदी घातली. आपल्याकडे त्याच लाद्या रस्त्याच्या कडेला, तोंडाला रुमाल बांधून, कोरड्याच कापल्या जातात. रुमालाने एवढे बारीक कण अडत नाहीत. एन-९५ दर्जाचा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क लागतो, आणि तोही पाण्याला पर्याय म्हणून नाही, पाण्याच्या जोडीने.

पाणी आले की विजेचा धोका येतो. कामाच्या ठिकाणी वायरीची उघडी टोके सॉकेटमध्ये काडीने खोचलेली दिसतात, ती ओल्या जमिनीवर जीव घेऊ शकतात. ३० मिलिअँपिअरवर तुटणारा गळती-रोधक ब्रेकर बसवल्याशिवाय ओले काम सुरूच करू नये. प्लग तीन पायांचा, अर्थिंग तपासलेले, वायर सलग आणि पाण्यापासून उचललेली असावी. ओल्या कापासाठी पाणी सोडण्याची नळी असलेले मशीन मिळते. साध्या ग्राइंडरवर बादलीने पाणी ओतणे हा त्याला पर्याय नाही. खाली साचणारा दगडाचा गाळ गटारात सोडू नये, तो निवळून घट्ट बसतो आणि नाली तुंबते. पिंपात निवळू द्यावा, वरचे पाणी पुन्हा कापायला वापरावे आणि गाळ भरावात टाकावा. पाण्याच्या दुर्भिक्ष्याच्या दिवसांत या भागाला ही रीत सोयीचीच आहे.

घर आयुष्यात बहुधा एकदाच बांधले जाते. फरशी कापणारा मात्र रोज कापतो. तेव्हा घरमालकाने काम ठरवतानाच चार गोष्टी दरात धरून द्याव्यात: ओला काप, मास्क, आवरणासह मशीन आणि गळती-रोधक ब्रेकर. कारागिराची महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी आहे का, हेही विचारावे. १८ ते ६० वर्षे वयाच्या, वर्षभरात किमान ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या कामगाराला ती करता येते, आणि नसेल तर ९० दिवसांच्या कामाचा दाखला मिळवून देण्यात मदत करावी. या सगळ्याचा खर्च एकूण फरशीच्या खर्चापुढे किरकोळ आहे. कोरड्या कापाची धूळ उडताना दिसली की काम तिथेच थांबवा आणि पाण्याची नळी जोडायला सांगा.